आदेश दाखवा, मग पाळायला सांगा

महाराष्ट्रात एखाद्या पुस्तकावर बंदी घालायची तर सरकारला ती राजपत्रात छापावी लागते. कोणते पुस्तक, कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणासाठी, हे त्या अधिसूचनेत लिहावे लागते. त्या पुस्तकाशी ज्याचा काही संबंध पोहोचतो असा कोणीही माणूस दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाऊन ती रद्द करा म्हणू शकतो, आणि त्याचे म्हणणे तीन न्यायमूर्तींच्या पीठाला ऐकावे लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम ९५ आणि ९६ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९८ आणि ९९ म्हणून आहे.

ही तरतूद नुसती कागदावर नाही. जानेवारी २००४ मध्ये राज्य सरकारने जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर बंदी घातली, तेव्हा संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला ही मंडळी उच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या पुस्तकाबद्दल तुम्हाला संताप असेल, तर त्या संतापाशी माझे इथे भांडण नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की न्यायालयात गेलेली ही माणसे त्या पुस्तकाची लेखक नव्हती की प्रकाशक नव्हती. ते नागरिक होते. सरकारने काय केले आणि का केले याचा कागद त्यांच्या हातात होता, म्हणून त्यांना भांडता आले.

वेबसाइटवर बंदी घालताना सरकारला यातले काहीही करावे लागत नाही. राजपत्र नाही, जाहीर कारण नाही, मुदत नाही, बंद केलेल्या साइटींची यादी नाही. फार तर पडद्यावर एक वाक्य येते, की दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद करण्यात आला आहे. पुष्कळदा तेवढेही येत नाही. पान उघडतच नाही आणि तुम्ही आपला राउटर बंद-चालू करत बसता. म्हणून मी स्पष्ट लिहितो. जी बंदी आपले कारण सांगायला तयार नाही, तिला वाचकाकडून आज्ञापालन मागण्याचा नैतिक अधिकार नाही. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरून त्या बंदीला वळसा घालणारा वाचक गुन्हेगार नाही. नाव न सांगता, सही न दाखवता, कोट्यवधी लोकांच्या वाचनावर हात टाकणारी व्यवस्था गुन्हेगार आहे.

ही व्यवस्था उभी कशी राहिली, ते बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या एका तरुणीला पोलिसांनी अटक केली आणि तो मजकूर आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. त्या अटकेच्या संतापातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांना आधार देणारे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. पालघरच्या त्या मुलींचे ऋण या देशातल्या प्रत्येक लिहिणाऱ्यावर आहे. पण त्याच निकालात कलम ६९अ, म्हणजे केंद्र सरकारला वेबवरचा मजकूर बंद करण्याचा अधिकार देणारे कलम, शाबूत राहिले. न्यायालयाने ते राखले ते काही गोष्टी धरून चालून. आदेशाची कारणे लेखी नोंदवली जातील. मजकूर लिहिणारा सापडत असेल तर त्याला बोलावले जाईल. आणि कारणे लेखी असल्यामुळे त्या आदेशाला रिट याचिकेतून आव्हान देता येईल.

सरकारने या तिन्ही गोष्टींची वाट लावली, आणि त्यासाठी त्याला एक नियम पुरला. या कलमाखालच्या २००९ च्या नियमावलीतला सोळावा नियम म्हणतो की आलेल्या तक्रारी आणि त्यांवर केलेली कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावी. माहिती अधिकारात आदेशाची प्रत मागा, हा नियम पुढे केला जातो. कारणे लेखी आहेत, पण ती कोणाला दाखवायची नाहीत. न्यायालयात जाता येते, पण ज्या आदेशाविरुद्ध जायचे तो मिळणार नाही. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. बंदीची शिफारस तपासणाऱ्या समितीत विधी, गृह, माहिती-प्रसारण या खात्यांचे आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेचे अधिकारी बसतात. त्यांनी केलेल्या कामाचा फेरआढावा जी समिती घेते, तीही सचिवांचीच. एकही न्यायाधीश नाही, एकही संपादक नाही, वाचकांचा एकही प्रतिनिधी नाही. उंदराला मांजर साक्ष!

तनुल ठाकूर या पत्रकाराचे प्रकरण नमुन्यादाखल पुरेसे आहे. हुंडापद्धतीची टर उडवणारी ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ नावाची साइट त्याने बनवली होती. मुलाचे शिक्षण, पगार, जात भरा आणि त्याचा बाजारभाव बघा, असा तिचा घाव होता. हुंड्याची लाज वाटायला लावणारी ती साइट २०१८ मध्ये बंद झाली. लेखक अज्ञात नव्हता, परदेशात दडलेला नव्हता, तरी त्याला कोणी विचारले नाही. माहिती अधिकारात विचारले तर गुप्तता. अखेर तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला आदेशाची प्रत त्याला द्यायला आणि त्याचे ऐकून घ्यायला सांगितले. स्वतःच्या साइटवरच्या बंदीचा कागद नुसता बघायला मिळावा म्हणून माणसाला उच्च न्यायालय गाठावे लागले. जो लेखक नाही, फक्त वाचक आहे, त्याची दाद कोण घेणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळमधल्या ‘विकटन’ची साइट बंद झाली. १९२६ पासून चालत आलेले हे नियतकालिकांचे घराणे. त्यांच्या डिजिटल अंकात पंतप्रधानांना बेड्या घातलेले, ट्रम्प यांच्या शेजारी बसलेले एक व्यंगचित्र आले होते. आक्षेप एका चित्रावर होता, कुलूप सगळ्या साइटला लागले. साइट आधी बंद झाली, सुनावणीची सूचना नंतर आली. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते चित्र तेवढे तात्पुरते काढून साइट खुली करायला सांगितले. मराठी वाचकाने हे प्रकरण तमिळ लोकांचे म्हणून सोडून देऊ नये. उद्या एखाद्या मराठी दिवाळी अंकाच्या साइटवर हीच पाळी आली, तर तुम्हाला पडद्यावर तेच एक वाक्य दिसेल.

आणि या कारभाराचा पसारा वाढतो आहे. संसदेत सरकारनेच दिलेल्या उत्तरांनुसार कलम ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ पत्ते बंद झाले होते. २०२० मध्ये तो आकडा ९,८४९ झाला. यात न्यायालयांच्या आदेशांनी बंद झालेल्या साइटी वेगळ्या. २०२४ पासून ‘सहयोग’ नावाचे पोर्टल चालू झाले आहे. त्यावरून निरनिराळी सरकारी खाती आणि पोलीस यंत्रणा मजकूर काढण्याच्या सूचना थेट कंपन्यांना पाठवतात, तेही कलम ६९अ ची उरलीसुरली प्रक्रिया बाजूला ठेवून. पूर्वी एक दार होते, आता खात्याखात्याला स्वतंत्र दार मिळाले आहे.

गुप्ततेत काम केले की चूक पकडणारा कोणी राहत नाही, आणि मग साप साप म्हणून भुई धोपटली जाते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून, एस्प्लनेडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, ३२ पत्ते बंद झाले. त्यात गिटहब होते, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे रोजचे काम ज्यावर चालते, ते दहशतवाद्यांचा मजकूर सापडला म्हणून बंद. ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी चित्रपट निर्मात्यांनी चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवला. अडीच हजारांहून अधिक साइटींच्या त्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह होते. मी जुन्या मराठी नियतकालिकांवर काम करतो. एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तके आणि अंक आज वाचकाला सहज मिळतात ते तिथेच, कारण आपल्या ग्रंथालयांतल्या प्रतींना कसर लागली आहे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला माहीत नाही. दोन चित्रपटांच्या तिकीटखिडकीसाठी माझ्या भाषेचे ते ग्रंथालय बंद केले गेले. मी त्या वेळी प्रॉक्सीने तिथे पोहोचलो. त्याची मला लाज वाटत नाही आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

२०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट बंद झाली. घराघरातल्या संगणकावर चित्रपट दाखवणारा हा फुकट प्रोग्राम पॅरिसची एक ना-नफा संस्था चालवते. माहिती अधिकारात विचारले तर मंत्रालय म्हणाले, आमच्याकडे माहिती नाही. संस्थेने कायदेशीर नोटीस धाडली तेव्हा नोव्हेंबरमध्ये साइट खुली झाली. बंदी का घातली होती आणि का उठवली, याचे उत्तर जनतेला कोणी दिले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे कबूल करायलाही कोणी पुढे आले नाही.

या चुका अपघाताने होत नाहीत, त्या यंत्रणेच्या रचनेतच आहेत. आज बहुतेक साइटी एचटीटीपीएस ही कुलूपबंद जोडणी वापरतात. तुम्ही एखाद्या साइटवरचे कोणते पान वाचता, हे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत नाही. दिसते ते फक्त साइटचे नाव. म्हणून एक पान बंद करा म्हटले की कंपनी अख्खी साइट बंद करते. त्यासाठी ती एक तर साइटच्या नावाचा आकडी पत्ता विचारणाऱ्या तुमच्या संगणकाला खोटे उत्तर देते, नाहीतर जोडणी सुरू होताना उघड्यावर जाणारे साइटचे नाव वाचून जोडणीच तोडते. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या परीने करतात, आणि स्वतंत्र संशोधकांनी तपासले तेव्हा कंपन्या-कंपन्यांच्या बंद साइटींच्या याद्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. म्हणजे एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरचा माणूस जे वाचू शकतो, ते खालच्या मजल्यावरच्याला दिसत नाही, कारण दोघांची कंपनी वेगळी. जो कायदा कंपनीगणिक बदलतो आणि त्याचा मजकूर कोणाला ठाऊक नाही, त्याला मी कायदा म्हणणार नाही.

आता प्रॉक्सीकडे वळू. तिच्याभोवती उगाच गूढ निर्माण केले आहे. गावातल्या दुकानदाराने पुस्तक द्यायला नकार दिला तर आपण पुण्याला निघालेल्या शेजाऱ्याला ते आणायला सांगतो. प्रॉक्सी एवढेच करते. तुमची विनंती तिसऱ्या संगणकाकडे जाते, तो संगणक हवे ते पान आणतो आणि तुमच्याकडे पोहोचवतो. तुमच्या कंपनीला फक्त त्या मधल्या संगणकाशी झालेले बोलणे दिसते. व्हीपीएनमध्ये हे सगळे बोलणे कुलूपबंद असते. टॉरमध्ये ते एकामागून एक तीन संगणकांतून जाते आणि त्यांतल्या कोणालाही दोन्ही टोके एकत्र दिसत नाहीत. या टॉरची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. बँका, सरकारी खाती, सॉफ्टवेअर कंपन्या, वृत्तसंस्था व्हीपीएनचे तंत्र रोज वापरतात. घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या लॅपटॉपवर कार्यालयाचा व्हीपीएन असतो. तंत्र साहेबाच्या हातात असले की सुरक्षा आणि नागरिकाच्या हातात आले की संशय, हा दुटप्पीपणा मला मान्य नाही.

कायदाही वाचकाच्या विरोधात नाही. कलम ६९अ मध्ये सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे ती आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीसाठी, वाचणाऱ्यासाठी नाही. नागरिकाने व्हीपीएन वापरू नये असा कोणताही देशव्यापी कायदा नाही. २०१६ मध्ये काही बंद पानांवर धमकी झळकू लागली होती, की हे पान नुसते पाहिले तरी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपये दंड होईल. लोक घाबरले. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले की चोरटी प्रत नुसती पाहणे हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे हा गुन्हा आहे. बंद पानावर कोणत्या दाव्यातला आदेश आहे आणि दाद कुठे मागायची, हे लिहिले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. उघडपणे बंदी घालण्याची रीत आपल्याच मुंबईत एका न्यायमूर्तींनी घालून दाखवली आहे. दिल्लीच्या मंत्रालयांना ती नको आहे, कारण उघड केले की जाब द्यावा लागतो.

प्रॉक्सीलाच गुन्हा ठरवले की काय होते, हे काश्मीरने भोगले आहे. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथले इंटरनेट बंद झाले. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे लोकांना त्यांना आव्हान देता येईल. त्यानंतर प्रशासनाने टूजीच्या गतीवर मोजक्या साइटी खुल्या केल्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या यादीत ३०१ नावे होती. अब्जावधी पानांच्या वेबमधून सरकारी अधिकाऱ्याने निवडलेल्या ३०१ साइटी, आणि त्यांतल्याही कितीतरी धड चालत नव्हत्या, कारण आजची कोणतीही साइट चित्रे, अक्षरे, नकाशे दुसऱ्या दहा ठिकाणांहून ओढते आणि ती दहा ठिकाणे यादीत नव्हती. लोकांनी व्हीपीएन घेतले. विद्यार्थ्यांना अर्ज भरायचे होते, व्यापाऱ्यांना जीएसटीचे विवरण द्यायचे होते, घरच्यांशी बोलायचे होते. १७ फेब्रुवारीला श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनमार्फत समाजमाध्यमांचा गैरवापर केल्याबद्दल गुन्हा नोंदवला, थेट यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून. त्याच गुन्ह्यात कलम ६६अ सुद्धा लावले होते, पाच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले. जे पोलीस मेलेले कलम लावतात, ते मला कायदा शिकवणार! तिथे पूर्ण गतीचे फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष, आणि त्यातले जवळजवळ एक वर्ष कोरोनाचे, जेव्हा डॉक्टरांना उपचारांची नवी माहिती तासातासाला हवी होती. नंतरच्या वर्षांतही जम्मू-काश्मीरच्या अनेक जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर बंदी घातली आहे.

उरलेल्या देशात हेच वेगळ्या वाटेने आणले गेले. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने फर्मान काढले. व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू हे सगळे पाच वर्षे जपून ठेवायचे. वाचायचा हेतू काय, हे लिहून द्यायचे! कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट मिळाली, सामान्य माणसाला नाही. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ज्यांना नियम पाळायचे नसतील त्यांनी खुशाल देश सोडावा, असे तेव्हाचे राज्यमंत्री म्हणाले होते. त्या उद्दामपणाची किंमत मंत्र्यांनी मोजली नाही, वाचकाने मोजली.

कशी, तेही सांगतो, कारण प्रॉक्सीची बाजू घेणाऱ्याने तिचे धोके लपवू नयेत. भरवशाचे पुरवठादार मागे हटले की मोकळी जागा भामटे भरतात. फुकट प्रॉक्सी म्हणून जे शेकड्यांनी मिळते, त्यातले बरेचसे तुमच्या वाचनाची नोंद विकून जगते. २०१५ मध्ये उघड झाले की ‘होला’ ही लोकप्रिय फुकट सेवा आपल्याच वापरकर्त्यांच्या इंटरनेट जोडण्या दुसऱ्यांना भाड्याने देत होती. फेसबुकने ‘ओनाव्हो’ हा व्हीपीएन सुरक्षेच्या नावाखाली दिला आणि त्यातून लोक कोणती अॅप वापरतात याची माहिती गोळा केली. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून तो काढावा लागला. अनोळखी प्रॉक्सीवरून बँकेचा पासवर्ड टाकणारा माणूस आपल्या घराची किल्ली चोराला देतो. सरकारने गुप्त बंदी घालून सभ्य वाचकाला या गल्लीत ढकलले आहे आणि वर गल्ली बदनाम आहे म्हणून बोंबही तेच मारते.

हाच रोग आता संस्थांत शिरला आहे. एका महाविद्यालयात, जिथे मी व्याख्यानाला गेलो होतो, तिथल्या ग्रंथालयातल्या संगणकांवर स्तनांच्या कर्करोगाची माहिती देणारी पाने उघडत नव्हती, कारण विकत घेतलेल्या फिल्टरला त्या शब्दात अश्लीलता दिसत होती. त्या महाविद्यालयात परिचारिकांचा अभ्यासक्रम आहे. मुलींनी तक्रार केली तर हे कंत्राटदाराचे काम, असे उत्तर मिळाले होते. कोणते शब्द बंद आहेत याची यादी प्राचार्यांकडेही नव्हती. त्या मुली फोनवर व्हीपीएन घालून आपला अभ्यास करत होत्या. त्यांनी योग्य केले. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या वसतिगृहांच्या आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांनी तो निकाल एकदा वाचावा.

यावर ठरलेला प्रश्न येतो. मग लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे, दहशतवाद्यांचे प्रचारपट, हे सगळे मोकळे सोडायचे का? नाही. मुलांच्या शोषणाचा मजकूर पाहणे, जवळ ठेवणे, पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि प्रॉक्सी वापरली म्हणून तो गुन्हा पुसला जात नाही. तो गुन्हा कायद्यात छापलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझी तक्रार छापलेल्या कायद्याविरुद्ध नाही. ज्यांना या घाणीचे खरोखर काही वाटते त्यांनी ती बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना पकडावे. साइटच्या नावापुढे पडदा ओढला की पीडित मुलाची सुटका होत नाही. मुलांची ढाल पुढे करून त्यामागून व्यंगचित्रे, वृत्तपत्रे आणि हुंड्याविरुद्धची साइट बंद करणारे लोक मुलांचेही भले करत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की यादी जाहीर केली तर तिचीच जाहिरात होईल. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ अश्लील साइटींची यादी दूरसंचार विभागाने कंपन्यांना पाठवली. ती हां हां म्हणता वर्तमानपत्रांत पोहोचली, आणि बंद झालेल्यांतल्या सर्वांत मोठ्या साइटने लगेच दुसऱ्या नावाने दुकान थाटले. ज्यांना चोरवाटा शोधायच्या आहेत ते यादी नसली तरी शोधतात. गुप्ततेमुळे अडतो तो साधा वाचक, ज्याला साइट बंद आहे की बिघडली आहे हेही कळत नाही. गुप्ततेमुळे वाचतो तो फक्त चुकीचा आदेश काढणारा अधिकारी.

उलट, आदेश उघड असला की त्याच्याशी वाद घालता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘सायहब’ ही शोधनिबंधांची साइट बंद करायला सांगितली. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या बड्या प्रकाशकांचा तो दावा होता. मला तो आदेश चुकीचा वाटतो. ६,००० कोटींची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सरकारी संस्थांपुरती आहे. खासगी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला, तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला, स्वतंत्र अभ्यासकाला तिच्यात जागा नाही, आणि जो शोधनिबंध करदात्याच्या पैशाने लिहिला गेला तो वाचायला त्यांनी डॉलरमध्ये पैसे मोजावेत, हा अन्याय आहे. पण हे मी आज लिहू शकतो, कारण वादी कोण, मागणी काय, न्यायालय काय म्हणाले, हे सगळे समोर आहे. लोकशाहीत बंदी इतपत तरी उघड हवीच.

माझ्या मागण्या चार आहेत. सोळावा नियम रद्द करा. बंद केलेल्या प्रत्येक पत्त्यासाठी आदेशाची तारीख, कलम आणि कारण जाहीर करा, आणि तेच बंद पानावर छापा. पुस्तकाच्या वाचकाला न्यायालयात जाण्याचा जो हक्क आहे तो वेबच्या वाचकालाही द्या. आणि व्हीपीएनधारकांची नावे साठवण्याचा २०२२ चा आदेश मागे घ्या. यातल्या एकाही मागणीने पोलिसांचा हात बांधला जात नाही. फक्त त्यांनी केलेल्या कामावर उजेड पडतो.

वाचकांना माझे सांगणे आहे. पान उघडले नाही तर गप्प बसू नका. दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर ते उघडते का पाहा. साइट बंद केली आहे असे दिसले की दूरसंचार विभागाकडे आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नकार आला तर अपील करा, आणि तो नकार छापून आणा. आपल्या खासदाराला सोळाव्या नियमाबद्दल विचारा. त्याला तो माहीत नसेल, तर त्याला सांगा. आणि तोवर, जे वाचण्याचा तुम्हाला कायद्याने पूर्ण हक्क आहे ते वाचण्यासाठी, ज्याच्या सुरक्षेची स्वतंत्र तपासणी झाली आहे असा व्हीपीएन किंवा टॉर बेलाशक वापरा. ज्या दिवशी सरकार आदेश दाखवील, त्या दिवशी आपण न्यायालयात त्याच्याशी भांडू. जोवर तो दाखवत नाही, तोवर आपले वाचन थांबवण्याचा त्याला अधिकार नाही.